एक किलोच्या बाळाचा हिशेब

२०११ च्या जनगणनेत सातारा जिल्ह्याची लोकसंख्या ३०,०३,७४१ भरली. महाबळेश्वरच्या माथ्यापासून माण-खटावच्या माळापर्यंत आणि फलटणपासून पाटणच्या कोयनाकाठापर्यंत, अकरा तालुक्यांतली सगळी माणसं त्यात आली. आता दुसरा आकडा. २०२० या एका वर्षात भारतात दिवस भरण्याआधी जन्मलेली बाळं होती सुमारे ३० लाख २० हजार. अख्ख्या सातारा जिल्ह्यात जेवढी माणसं, तेवढी बाळं एका वर्षात अपुऱ्या दिवसांची जन्मली. जगात दुसऱ्या कुठल्याही देशात इतकी जन्मत नाहीत.

जगाची बेरीज १ कोटी ३४ लाख. शेजारचा सांगली जिल्हा साताऱ्याला जोडला तर लोकसंख्या ५८ लाखांच्या वर जाते, आणि जगातली ही एका वर्षाची बाळं त्याच्या सव्वादोन पट भरतात. २०१० ते २०२० या काळात १५ कोटी २० लाख बाळं अशी लवकर आली. २०११ साली सगळ्या महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती, हे लक्षात घेतलं म्हणजे त्या आकड्याचं वजन कळतं.

साताऱ्याच्या स्टँडवरून सांगलीची एसटी सुटते. उंब्रज, कराड, कासेगाव, पेठ नाका, आष्टा करत सांगलीला पोचायला साधारण तीन तास लागतात. तेवढ्या वेळात जगात साडेचार हजारांवर बाळं अपुऱ्या दिवसांची जन्मलेली असतात, त्यातली हजारभर भारतात. आणि त्याच तीन तासांत अशा अपुरेपणातून उद्भवलेल्या त्रासांनी तीनशेच्या वर मुलं गेलेली असतात. २०१९ साली जगभरात असे मृत्यू ९ लाखांच्या आसपास झाले. दर ३५ सेकंदांना एक.

या आकड्यांपाशी थांबलं तर हात गळून जातात, म्हणून लगेच आणखी एक जोडी पाहायला हवी. १९९० साली जगात जन्मानंतरच्या २८ दिवसांत ५० लाख बाळं दगावली होती. २०२२ साली २३ लाख. बत्तीस वर्षांत निम्म्याहून जास्त मृत्यू कमी झाले, आणि ही माणसाच्या हातून घडलेली फार मोठी गोष्ट आहे. पण लवकर जन्मणाऱ्या बाळांचं प्रमाण २०१० साली शेकडा ९.८ होतं, २०२० साली ९.९. दहा वर्षांत ते जागचं हललं नाही. लवकर आलेल्या बाळाला वाचवायचं कसं हे आपल्याला बरंच कळलं आहे. ते लवकर येऊच नये यासाठी काय करायचं, तिथे मात्र विज्ञान अजून चाचपडतं आहे. कितीतरी बाळंतपणांत कळा लवकर का सुरू झाल्या याचं कारण सापडतच नाही.

वैद्यकाच्या हिशेबात पूर्ण दिवस ४० आठवड्यांचे, आणि ३७ आठवड्यांच्या आत जन्मलेलं बाळ अपुऱ्या दिवसांचं. आपल्याकडच्या जुन्या बायका सांगतात की सातव्या महिन्याचं बाळ जगतं, आठव्याचं जगत नाही. आकडे याच्या बरोबर उलट बोलतात. पोटात मिळालेला प्रत्येक आठवडा बाळाची जगण्याची शक्यता वाढवतो, आठव्या महिन्याचाही. लवकर आलेल्यांपैकी शेकडा ८५ बाळं ३२ ते ३७ आठवड्यांच्या मधली असतात. त्यांना ऊब, आईचं दूध आणि जंतुसंसर्गापासून जपणूक एवढं नीट मिळालं तरी बहुतेक तरतात. खरी कसोटी उरलेल्या पंधरांची. २८ आठवड्यांच्याही आधी जन्मलेली बाळं श्रीमंत देशात असतील तर दहातली नऊ वाचतात. गरीब देशात दहातली नऊ जातात. बाळ तेच, आठवडे तेवढेच.

आठवडे मोजायचे कुठून, हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. मोजणी सुरू होते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. गावात आशाताई घरी येते, ओट्यावर बसते आणि ही तारीख विचारते. तारीख क्वचितच तारखेसारखी मिळते. “पालीच्या यात्रेनंतर आठेक दिवसांनी”, “भुईमूग काढायला गेलो होतो तेव्हा”, “नणंदेच्या सुपारीच्या आधी”, अशी उत्तरं येतात. मग आशाताई भिंतीवरचं कालनिर्णय उतरवते, मागची पानं उलटते, पौषातल्या यात्रेचा दिवस शोधते, तिथून आठ दिवस पुढे मोजते आणि कार्डावर तारीख लिहिते. त्या तारखेत नऊ महिने सात दिवस मिळवले की बाळंतपणाची तारीख निघते. पहिल्या तीन महिन्यांत सोनोग्राफी झाली तर ही मोजणी पाच-सात दिवसांच्या फरकाने पक्की होते. शेवटच्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीत दोन-तीन आठवड्यांची चूक सहज राहते. पुढे दवाखान्यात जे काही ठरतं, इंजेक्शन द्यायचं की नाही, कुठे पाठवायचं, बाळाला किती जपायचं, ते या एका आकड्यावर ठरतं.

आता एका बाळाजवळ जाऊ. २८ आठवड्यांचं, वजन एक किलो. आपल्याकडे म्हणतात, “बाळ काचेत ठेवलंय.” सातारच्या क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालयासारख्या जिल्हा रुग्णालयांत अशा बाळांसाठी जो कक्ष असतो त्याला कागदोपत्री एसएनसीयू म्हणतात. देशात असे कक्ष आज हजाराच्या आसपास आहेत आणि वर्षाला दहा लाखांहून जास्त नवजात बाळं त्यांत दाखल होतात. या बाळाच्या अंगात सगळं मिळून रक्त ८५-९० मिलिलिटर. तपासणीसाठी एक मिलिलिटर काढलं तर मोठ्या माणसाच्या अंगातून पन्नास मिलिलिटर काढल्यासारखं होतं, म्हणून इथल्या सिस्टर दर थेंबाचा हिशेब ठेवतात. पहिल्या दिवशी दोन तासांनी एकदा नळीतून अगदी थोडं दूध, दिवसातून बारा वेळा. त्यातही आईचा चीक असेल तर सोन्याहून पिवळं. पहिल्या आठवड्यात बाळाचं वजन शंभर-दीडशे ग्रॅमनी उतरतं. जन्माच्या वजनावर परत यायला दोन आठवडे लागतात. त्यानंतर सगळं ठीक चाललं तर दिवसाला पंधरा ग्रॅम वाढ. रोज सकाळी वजनकाट्यावर आकडा स्थिरावेपर्यंत आईचा जीव थाऱ्यावर नसतो, आणि दहा ग्रॅम जरी वाढले तरी बाहेर बाकड्यावर बसलेल्या आजीपर्यंत निरोप जातो.

या बाळाच्या कातडीखाली चरबी जवळजवळ नसते, कातडीही इतकी पातळ की अंगातलं पाणी तिच्यातून उडत राहतं. म्हणून जन्मताच त्याला पुसण्याच्याही आधी स्वच्छ प्लास्टिकच्या पिशवीत मानेपर्यंत गुंडाळतात. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात असं दिसलं की दाखल होताना अशा बाळाच्या अंगाचं तापमान जितके अंश सेल्सियस कमी, त्या दर अंशामागे मृत्यूची शक्यता २८ टक्क्यांनी वाढते. पौषाच्या रात्री पाचगणी-महाबळेश्वरच्या बाजूला, किंवा माणच्या उघड्या माळावर एखादं बाळ घरून किंवा छोट्या दवाखान्यातून जिल्ह्याच्या गावी आणायचं म्हणजे या एका अंशाशी झुंज असते. सांगलीच्या पूर्वेला उमदी-संखकडून मिरज-सांगली गाठायला दोन तासांहून जास्त लागतात. गाडीतला हीटर चालू आहे का, बाळ आईच्या उराशी आहे की टॉवेलात गुंडाळून कुणाच्या मांडीवर, यावर आयुष्य ठरतं.

श्वासाचं मोजमाप तर चक्रावून टाकणारं आहे. हे बाळ मिनिटाला पन्नासेक श्वास घेतं. दिवसाला ७२ हजार. २८ व्या आठवड्यात जन्मून ३५ व्या आठवड्यापर्यंत तग धरायचा तर सात आठवडे, म्हणजे ३५ लाख श्वास, आणि मधेच श्वास घ्यायचा ते विसरतं. वीस-वीस सेकंद छाती हलत नाही. यंत्राची घंटा वाजते, सिस्टर तळपायाला हलकेच टिचकी मारते, की पुन्हा सुरू. त्या विसरण्यावर औषध म्हणून कॅफिन देतात, आपल्या चहा-कॉफीत असतं तेच. प्राणवायूही मोजूनच द्यावा लागतो. कमी पडला तर मेंदूला धोका, जास्त झाला तर डोळ्याच्या पडद्यावरच्या कोवळ्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढतात आणि वाचलेलं बाळ दृष्टी गमावतं. दोन किलोहून कमी वजनाच्या किंवा ३४ आठवड्यांच्या आतल्या बाळाचे डोळे जन्मापासून तीस दिवसांच्या आत तपासून घ्यायचे, असा देशाचा दंडक आहे. तिसाव्या दिवशी बाळ बहुधा घरी असतं, गोंडस दिसत असतं, आणि तपासणी राहून जाते. हे मला फार लागतं, कारण इथे यंत्रही हाताशी असतं आणि उपचारही. मधले काही दिवस तेवढे हातचे जातात.

फुप्फुसांपाशी थोडं थांबतो. १९६३ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांना मुलगा झाला. साडेपाच आठवडे लवकर, वजन २.१ किलो. जगातल्या सर्वांत बलाढ्य माणसाचं बाळ, बोस्टनचं नामांकित रुग्णालय, आणि ३९ तासांनी ते गेलं. त्याच्या फुप्फुसांतल्या पिशव्या श्वास सोडला की मिटून चिकटत होत्या. त्या उघड्या ठेवणारा एक पातळ, साबणासारखा लेप पोटातल्या शेवटच्या आठवड्यांत तयार होतो. तो या मुलांत नसतो हे मेरी एलन एव्हरी यांनी १९५९ सालीच दाखवून दिलं होतं, पण उपाय हातात नव्हता. जपानमध्ये फुजिवारा यांनी तो लेप बाहेरून फुप्फुसात सोडून दहा बाळांवर वापरला, ते साल १९८०. आज एक किलोच्या बाळाला त्याचे अडीच ते चार मिलिलिटर पुरतात. कराडच्या किंवा मिरजेच्या मेडिकल कॉलेजात ३४-३५ आठवड्यांचं दोन किलोचं बाळ आलं तर ते जगेल असं धरूनच आज काम सुरू होतं. साठ वर्षांत एवढं अंतर कापलं गेलं.

त्याआधीची एक पायरी मेंढ्यांनी दाखवली. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला ग्रॅहम लिगिन्स गाभण मेंढ्यांवर प्रयोग करत होते. स्टिरॉइड दिल्यावर एक कोकरू इतकं लवकर जन्मलं की ते जगायलाच नको होतं, पण ते श्वास घेत होतं आणि त्याच्या फुप्फुसांत हवा शिरलेली होती. औषधाने फुप्फुसं वेळेआधी तयार केली होती. जतच्या माडग्याळी मेंढरांच्या मुलखात ही गोष्ट सांगायला मला विशेष आनंद वाटतो. लिगिन्स आणि हॉवी यांनी २८२ आयांवर केलेला अभ्यास १९७२ साली छापला. त्यानंतर अनेक देशांतून पुरावे येत राहिले, तरी डॉक्टरांच्या रोजच्या वापरात ते औषध यायला वीसेक वर्षं लागली. वैद्यकातले पुरावे एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या बोधचिन्हात ज्या आडव्या रेघा दिसतात, त्या याच औषधाच्या सात अभ्यासांच्या आहेत. पुरावा वेळेवर एकत्र केला असता तर किती बाळं वाचली असती, याची आठवण म्हणून ते चिन्ह.

औषध अगदी साधं: डेक्सामेथासोन, सहा मिलिग्रॅमचं इंजेक्शन, बारा बारा तासांनी चार वेळा. किंमत काही रुपये. मग ते गावोगाव पोचवलं की झालं, असं कुणालाही वाटेल. सहा देशांत एक अवाढव्य प्रयोग झाला तो याच विचाराने. जवळजवळ एक लाख जन्म त्यात मोजले गेले, आणि भारतातली त्याची दोन्ही केंद्रं आपल्या ओळखीची, बेळगाव आणि नागपूर. २०१५ साली निकाल आला तेव्हा जगभरच्या तज्ज्ञांना धक्का बसला. लहान बाळांना फायदा झालाच नाही, आणि सगळी बाळं मिळून पाहिली तर जिथे औषधाचा प्रसार केला तिथे मृत्यू हजारी २३.९ ऐवजी २७.४ झाले. कळा लवकर येतील असं वाटून इंजेक्शन घेतलेल्या बहुतेक बायकांची बाळं पुढे लहान जन्मलीच नाहीत. आठवड्यांची मोजणी कच्ची होती, आणि मागे बाळाला सांभाळणारा दवाखाना नव्हता.

मग तेच औषध पुन्हा पारखलं गेलं. यावेळी बांगलादेश, भारत, केनिया, नायजेरिया आणि पाकिस्तानातल्या २९ रुग्णालयांत, सोनोग्राफीने आठवडे पक्के करून. भारतातल्या कामात बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाचा वाटा होता. २,८५२ बायका सहभागी झाल्या. औषध न मिळालेल्या गटात शेकडा २३.५ बाळं गेली, औषधाच्या गटात १९.६. फायदा इतका उघड दिसला की अभ्यास मध्येच थांबवावा लागला. दर पंचवीस बायकांमागे एक बाळ जास्त वाचलं. औषध तेच, मात्रा तीच. यात्रेवरून काढलेली तारीख आणि वेळेत झालेली सोनोग्राफी यांत हा फरक साठवलेला आहे. म्हणून कार्डावरच्या त्या एका रकान्याला मी सगळ्या यंत्रांच्या आधी मान देतो.

सगळ्यात स्वस्त उपायाची गोष्ट कोलंबियाची. १९७८ साली बोगोटाच्या सरकारी प्रसूतिगृहात पेट्या पुरत नव्हत्या, एकेका पेटीत दोन-तीन बाळं. डॉ. एडगर रे यांनी बाळं आयांच्या छातीशी, कातडीला कातडी लावून बांधायला सुरुवात केली. कांगारू पद्धत म्हणून ती आता जगभर चालते. बाळ स्थिर झाल्यावरच हे करायचं, असा बरीच वर्षं नियम होता. २०२१ साली छापलेल्या अभ्यासात दिल्लीचं सफदरजंग आणि आफ्रिकेतली चार रुग्णालयं होती, १ ते १.८ किलोंची ३,२११ बाळं. जन्मल्यापासूनच आईजवळ ठेवलेल्या बाळांत मृत्यू शेकडा १२, आधी पेटीत आणि मग आईकडे दिलेल्यांत १५.७. दिवसाचे सरासरी १७ तास ती बाळं छातीशी होती. सतरा तास! आई बाळंतीण, तिला झोप हवी, अंघोळ-जेवण हवं. म्हणजे या आकड्यात आजी आहे, मावशी आहे आणि बापही आहे. आपल्याकडे बापाने शर्टाची बटणं काढून बाळाला छातीशी घेऊन वॉर्डात बसणं अजून अवघड वाटतं. सिस्टरने दोनदा समजावलं की बसतात, आणि एकदा बसले की उठत नाहीत.

दवाखानाच लांब असेल तिथे काय, याचं उत्तर महाराष्ट्रानेच जगाला दिलं. १९९० च्या दशकात गडचिरोलीत नवजात बाळांचे मृत्यू हजारी ६२ होते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत थोडंफार शिकलेल्या गावच्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. बाळाचं वजन घेणं, ऊब देणं, श्वास मोजणं, गुदमरलेल्या बाळाला श्वास देणं, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देणं हे सगळं त्यांनी झोपडीत केलं. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला: ४७ तुलनेच्या गावांशी ताडून पाहता नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत आधी तिघांतलं एक जात होतं, नंतर दहांतलं एक. पेटी नाही, वीज नाही, एक उबदार पिशवी आणि येऊन-जाऊन लक्ष ठेवणारी बाई. २०११ साली केंद्र सरकारने हीच पद्धत आशांमार्फत देशभर लागू केली. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे आशा तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते. झोळीच्या काट्यावर वजन, थर्मामीटर, घड्याळ लावून श्वासांची मोजणी. मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त भरले, छाती आत ओढली जाताना दिसली, की लगेच दवाखाना. या सहा फेऱ्यांचे तिला मिळून अडीचशे रुपये ठरले. वर्षाला कोटीहून अधिक बाळांच्या दारात जाणाऱ्या बायकांच्या श्रमाला इतकी किंमत लावणं मला पटत नाही.

महाराष्ट्राचा नवजात मृत्युदर २०२० च्या सरकारी नमुना नोंदणीत हजारी ११ होता, देशाचा २०. मुंबईत सायनच्या रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातली पहिली मातृदूध पेढी सुरू केली, तिथपासूनची मेहनत या अकरामागे आहे.

टाळण्याच्या बाजूला जे थोडं हाती लागलं आहे, त्यातही आपली माणसं आहेत. सहा देशांतल्या ११,९७६ पहिलटकरणींवर केलेला ॲस्पिरिनचा अभ्यास २०२० साली छापला गेला, आणि पुन्हा त्यात बेळगाव व नागपूर होते. पहिल्या तीन महिन्यांतच सुरू करून रोज एक छोटी गोळी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. लवकर बाळंतपणाचं प्रमाण १३.१ वरून ११.६ वर आलं. दुसरी गोष्ट मिसरीची. सातारा-सांगलीच्या कितीतरी घरांत सकाळी चुलीशी बसून दातांना मिसरी लावण्याची सवय आजीपासून सुनेपर्यंत चालत आलेली आहे. ती तंबाखूच आहे हे बोटाला लागलेल्या काळ्या भुकटीकडे पाहून जाणवत नाही. मुंबईत १,२१७ गरोदर बायकांचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात मिसरी-तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनी हलकी आणि सहा दिवस आधी जन्मलेली निघाली. ३२ आठवड्यांच्या आत बाळंत होण्याची शक्यता जवळजवळ पाचपट. एक किलोच्या बाळाला १०५ ग्रॅम कमवायला एक आठवडा काचेत काढावा लागतो, हे वर सांगितलंच आहे. रक्त कमी असणं, रक्तदाब, लागोपाठची बाळंतपणं, कोवळ्या वयात झालेलं लग्न ही कारणंही ठाऊक आहेत. सरकारी पाहणीप्रमाणे राज्यातल्या जवळजवळ निम्म्या गरोदर बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. लोहाच्या १८० गोळ्या मोफत मिळतात, आणि मळमळतं म्हणून बऱ्याच कोनाड्यात पडून राहतात.

आता दोन्ही जिल्ह्यांचा हिशेब मांडतो. राज्याचा जन्मदर हजारी १५ धरला तर सातारा-सांगलीत वर्षाला सुमारे ८७ हजार बाळं जन्मतात. देशाचं शेकडा १३ हे प्रमाण लावलं तर त्यातली ११ हजारांवर अपुऱ्या दिवसांची, रोजची तीस. जगाच्या वाटणीप्रमाणे ३२ आठवड्यांच्या आतली सतराशे, रोजची चार-पाच. प्रत्येकाला सरासरी पाच आठवडे दवाखान्यात धरले, तर कुठल्याही दिवशी, दिवाळी असो की गणपती, या सर्वांत लहान बाळांसाठीच १६० च्या वर खाटा भरलेल्या असणार. सरकारी मापाने तीन हजार बाळंतपणांमागे बारा आणि पुढे दर हजारामागे चार खाटा लागतात. त्या मापाने सरकारी-खासगी मिळून, सगळ्या आजारी नवजात बाळांसाठी साडेतीनशे खाटा हव्यात. तीन-चार खाटांमागे प्रत्येक पाळीत एक सिस्टर हवी. म्हणजे १६० खाटांना एका वेळी चाळीस, तीन पाळ्यांना एकशेवीस, रजा-सुट्ट्या धरून दीडशेच्या पुढे. खाटा विकत घेता येतात, या दीडशे जणी घडवाव्या लागतात आणि टिकवाव्या लागतात. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात एसएनसीयूला आग लागली. सतरा बाळांतली दहा गेली. खाटांच्या आकड्यासोबत माणसं, विजेच्या तारा आणि रात्रपाळीही मोजायच्या असतात.

आणि या ८७ हजारांत एक मोठा गट धरलेलाच नाही. दसरा-दिवाळीनंतर बीड, जालन्याकडून ऊसतोडीच्या टोळ्या कृष्णाकाठी उतरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल आधीच घेतलेली. पहाटे काळोखात फडावर जायचं, तोडायचं, बांधायचं, मोळी डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत चालायचं, आणि सातव्या-आठव्या महिन्यातही खाडा नको म्हणून हेच. तिची नोंद गावाकडच्या उपकेंद्रात, कार्ड घरी पत्र्याच्या पेटीत, पाळीची तारीख तिच्या डोक्यात. कोपीत कळा सुरू झाल्या तर समोरच्या डॉक्टरला आठवडा कोणता हे कुणीच सांगू शकत नाही, आणि एक लाख जन्मांच्या त्या प्रयोगाने दाखवलेली चूक इथे पुन्हा घडायला मोकळी असते. हंगामाच्या आरंभी कारखान्याचा शेतकी विभाग प्रत्येक टोळीची नोंद करून घेतोच. त्याच आठवड्यात त्या गावची आशा आणि परिचारिका (एएनएम) यांनी तळावर जाऊन गरोदर बायकांच्या तारखा लिहून घ्याव्यात आणि पहिली सोनोग्राफी कारखान्याच्या खर्चाने व्हावी. ही यादी मुकादमाच्या हातात मात्र पडता कामा नये. नाहीतर दिवस गेलेल्या बाईला टोळीतून काढतील, किंवा तीच पोट लपवून कोयता धरेल.